मागून कललेली मोटार आणि ‘बसणे’ हे क्रियापद

जुन्या मोटारीची मागील एक बाजू दुसरीपेक्षा खाली दिसू लागली, म्हणजे मराठी माणूस म्हणतो, “गाडी बसली.” थोडे अधिक निरखून पाहिले की तो म्हणतो, “उजवीकडे बसली.” आणि गाडी कारखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत त्याच वाक्याचे “उजवा पाटा बसला” असे रूपांतर झालेले असते. या तिन्ही वाक्यांत क्रियापद एकच आहे. कर्ता मात्र बदलला आहे. पहिले विधान डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणाचे आहे. तिसरे विधान कोणीही अद्याप न तपासलेल्या कारणाचे आहे. मधली पायरी बोलणाऱ्याच्या ध्यानात न येता ओलांडली जाते, आणि तिच्यामागोमाग एक धडधाकट पाटा उतरवून भट्टीकडे पाठविला जातो.

प्रस्तुत लेखात पाट्यांवर उभ्या असलेल्या मोटारीचा मागील कल कसा तपासावा व कसा काढावा हे सांगावयाचे आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात हात का घालावा, अशी शंका वाचकांस येईल. तिचे उत्तर असे की, या दुरुस्तीतील पुष्कळशा चुका हातोडीने होण्यापूर्वी शब्दाने झालेल्या असतात.

प्रथम, कोणत्या गाड्यांविषयी आपण बोलत आहोत ते सांगितले पाहिजे. महाराष्ट्रापुरते पाहू गेल्यास या विषयाची मुख्य नायिका म्हणजे कुर्ल्याची फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून पुढे फियाट ११०० या मालिकेतील गाड्या बाहेर पडल्या. त्यांपैकी गोलसर बांध्याच्या जुन्या गाडीला मुंबईकरांनी ‘डुक्कर’ हे नाव बहाल केले, आणि ते नाव कारखान्याने दिलेल्या नावापेक्षा अधिक टिकले. १९६४ पासून आलेल्या चौकोनी आकृतीच्या गाडीचे १९७४ साली ‘पद्मिनी’ असे नामकरण झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ही गाडी साऱ्या देशाला ठाऊक झाली. अशा टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती; टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून नाहीशी झाली. खाजगी गाड्या अजून आहेत. उत्तरपाड्याची अँबॅसडर २०१४ पर्यंत तयार होत होती. या दोन्ही गाड्यांची पुढील चाके वेगळ्या रचनेची, पण मागील एक्सल पाट्यांवर टेकलेला. जीप तर चारही चाकांना पाटे असलेली.

देवळाली कॅम्पात अशा गाड्या अद्याप आढळतात, याला तेथील वस्तीचा स्वभाव कारण आहे. लॅम रोडच्या आसपासचे बंगले व आरोग्यभुवने हवापालटासाठी येणाऱ्या मुंबईकरांची. त्यांचे मालक उन्हाळ्यात किंवा दिवाळीत येणार, आणि गाडी उरलेले महिने पोर्चमध्ये उभी. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत कित्येक वर्षे वावरलेली मोटार येथे आणून ठेवली, की पाट्यांमध्ये शिरलेला गंजही तिच्याबरोबर येतो. (जाता जाता एक गोष्ट नमूद करण्याचा मोह आवरत नाही. १८६१ मध्ये येथे उभारलेल्या लष्करी तळावर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांनी या गावाच्या नावाचा ‘डूलाली’ असा अपभ्रंश केला. त्याला आपला ‘ताप’ हा शब्द ‘टॅप’ करून जोडला, आणि डोके फिरल्याच्या अर्थाने तो इंग्रजीत नेऊन सोडला. चुकीचे निदान शब्दात गोठून राहण्याचे हे एक उदाहरणच म्हणावयाचे. कारण ताप गावाचा नव्हता, प्रतीक्षेचा होता.)

आता पाटा म्हणजे काय ते पाहू. निरनिराळ्या लांबीच्या पोलादी पट्ट्या एकीवर एक रचून, मध्यभागी एका बोल्टाने एकत्र बांधलेली व किंचित धनुष्याकार केलेली ही जुडी असते. सर्वांत लांब पट्टीच्या दोन्ही टोकांना गोल वेटोळी असतात. तिला कारागीर ‘मेन पाटा’ म्हणतात. पुढचे वेटोळे गाडीच्या तळाशी एका बोल्टाने स्थिर जोडलेले असते. मागचे वेटोळे ‘शॅकल’ या दोन झुलत्या पट्ट्यांच्या जोडीला अडकविलेले असते. मध्यभागी एक्सल दोन ‘यू-बोल्टां’नी जखडलेला असतो. भार आला म्हणजे धनुष्य सपाट होऊ लागते. सपाट होताना त्याची दोन टोके एकमेकांपासून दूर जातात, आणि वाढलेल्या लांबीला जागा देण्यासाठी शॅकल मागे झुलते. हा शेवटचा तपशील ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

या वस्तूला मराठीत दोन नावे आहेत. ‘पाटा’ हे नाव संस्कृत ‘पट्ट’ या शब्दाच्या कुळातले व पट्टीच्या आकारावरून पडलेले. ‘कमान’ हे नाव फारसी, मूळ अर्थ धनुष्य, आणि ते वक्रतेवरून पडलेले. मोटार येण्यापूर्वीच बग्गीला व टांग्याला अशा कमानी होत्या. इंग्लंडात ओबादिया इलियट याने १८०४ साली गाडीच्या कमानींचे पेटंट घेतले होते. आजच्या कारखान्यात या दोन शब्दांनी आपापसात कामाची वाटणी करून घेतलेली दिसते : पाटा ही वस्तू, कमान हा तिचा गुण. म्हणून ‘पाट्याला कमान देणे’ असे म्हणता येते आणि ‘पाट्याची कमान गेली’ असेही. ही वाटणी फार उपयोगाची आहे. पाटा शाबूत असून कमान गेलेली असू शकते, हे सत्य तिच्यात आपोआप सामावलेले आहे.

पाटा बसतो म्हणजे नेमके काय होते? पुष्कळांची समजूत अशी की, बसलेला पाटा नरम झालेला असतो. वस्तुतः तसे नसते. पोलादाची लवचिकता, म्हणजे ठरावीक भाराला ठरावीक वाकण्याचा गुणधर्म, वयोमानाने बदलत नाही. गंजाने पट्टीची जाडीच खाल्ली गेली असेल तर गोष्ट निराळी. बदलते ती भार नसतानाची मूळ वक्रता. सततच्या भाराखाली, विशेषतः प्रमाणाबाहेर ओझे वाहिल्याने, पट्टी थोडी कायमची सपाट होते. म्हणजे पाटा पूर्वीइतकाच ताठ असतो, फक्त त्याची सुरुवात खालच्या पातळीवरून होते. या भेदाचा व्यवहारात मोठा परिणाम आहे. कमान गेली असेल तर कमान परत दिली पाहिजे. जुडीत एक पट्टी अधिक घालून उंची साधली, तर उंचीबरोबर ताठपणाही वाढतो, आणि गाडी एका बाजूला मऊ व दुसऱ्या बाजूला कडक चालू लागते. जाडीचा प्रभाव तर विलक्षण आहे. पट्टीचे वाकणे तिच्या जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. सहा मिलिमीटरच्या पट्टीऐवजी सात मिलिमीटरची पट्टी घातली, तर २१६ ला ३४३ या प्रमाणात, म्हणजे दीडपटीहूनही अधिक ताठपणा येतो. दुकानातील “जवळजवळ तेवढाच आहे” हा निर्वाळा या हिशोबापुढे टिकत नाही.

येथे ‘बसणे’ या क्रियापदाच्या स्वभावाकडे वळणे इष्ट आहे. घसा बसतो, धंदा बसतो, जुने घर पावसात बसते, पाण्याच्या तळाशी गाळ बसतो. या सर्वांत आपली पातळी सोडून खाली येण्याचा अर्थ आहे, आणि कोणी तसे केले याचा उल्लेख कोठेही नाही. क्रिया आपोआप घडली असे हे क्रियापद सुचविते. दुसरीकडे, झाकण बसते, चूल बसते, खुंटी भोकात घट्ट बसते. तेथे योग्य जागी स्थिर होण्याचा अर्थ आहे. गंमत अशी की, प्रयोजक रूप ‘बसवणे’ हे केवळ दुसऱ्या अर्थाचे सोबती आहे. “पाटा बसवला” याचा अर्थ पाटा गाडीला जोडला असाच होतो. ओझे लादून त्याची कमान घालवली असा कधीही होत नाही. परिणामी “पाटा बसला का?” या प्रश्नाला कारखान्यात दोन परस्परविरुद्ध उत्तरे संभवतात : काम फत्ते झाले, किंवा काम वाया गेले. कारागीर प्रसंगावरून अर्थ ओळखतात, यात शंका नाही. परंतु ज्याने ओझे लादले तो या व्याकरणात कोठेच सापडत नाही, हे नमूद करण्याजोगे आहे.

‘बसणे’ या एका क्रियापदाने बाकीच्या कारणांवर पांघरूण घातले जाते. ती कारणे दर्शविणारी क्रियापदेही आपल्यापाशी आहेत. पाटा तुटतो. तडा बहुधा मधल्या बोल्टाच्या भोकाशी किंवा वेटोळ्याजवळ जातो आणि यू-बोल्टाखाली दडून राहतो. तेथे गंजाची ताजी तांबूस रेघ दिसली तर संशय घ्यावा. पाटा सरकतो. यू-बोल्ट ढिले राहिले की सारा ताण मधल्या बोल्टावर येतो, तो कातरला जातो आणि एक्सल पुढे किंवा मागे सरतो. अशी गाडी सरळ रस्त्यावरही खेकड्यासारखी किंचित तिरकी चालते. पुढील वेटोळ्यापासून एक्सलपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंस मोजले की हे लगेच उमगते. आणि पाटा अडकतो. पट्ट्यांमधील गंज त्यांना एकमेकींवर घसरू देत नाही, किंवा शॅकल आपल्या बोल्टावर जाम होते. पोर्चमध्ये उतारावर वर्षभर उभी असलेली गाडी सपाट जागी आणूनही कललेलीच राहते, तेव्हा या चौथ्या क्रियापदाचा विचार आधी करावा. अडकलेल्या पाट्याची भट्टी करणे म्हणजे गंजलेल्या बिजागरीसाठी दार तासण्यासारखे आहे.

निदान मापाने झाले पाहिजे, आणि माप घेण्यापूर्वी काही क्षुल्लक वाटणारी पथ्ये पाळली पाहिजेत. चारही टायर योग्य मापाचे व सारख्या हवेचे असावेत. डिकीतील सामान काढावे. पेट्रोलचे वजन लिटरला सुमारे पाऊण किलो. टाकी एका बाजूस असेल तर तिची नोंद घ्यावी. जमीन सपाट आहे हे गृहीत धरू नये. गवंडी पातळी पाहण्यासाठी जी पाण्याची पारदर्शक नळी वापरतात ती दोन मागील चाकांशी धरली, की जमिनीचे खरे रूप कळते. नळी नसेल तर याहून सोपा उपाय आहे : माप घ्यावे, मग गाडी त्याच जागी उलट दिशेला तोंड करून उभी करावी आणि पुन्हा मोजावे. कल गाडीचा असेल तर तो गाडीच्या त्याच बाजूस राहील. जमिनीचा असेल तर बाजू बदलेल.

मोजावयाचे कोठून? जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजण्याची सर्वत्र पद्धत आहे. आणि ती सर्वांत फसवी आहे. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीच्या दोन मडगार्डांपैकी एखादे केव्हातरी ठोकून, पत्रा लावून, लांबी भरून नवे केलेले असते. म्हणून दोन मापे घ्यावीत. एक, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. यात टायरचा फरक गळून जातो. दुसरे, एक्सलच्या नळीपासून तिच्या थेट वर असलेल्या तळाच्या तुळईपर्यंत. दुसरे माप दोन्ही बाजूंस सारखे आणि पहिले मात्र असमान आले, तर दोष पाट्याचा नाही, पत्र्याचा आहे. तसेच दोन पाट्यांमधील अंतर हे दोन मडगार्डांमधील अंतरापेक्षा कमी असते, हे विसरू नये. पाट्यांत एक मीटर आणि मडगार्डांत एक मीटर चाळीस सेंटिमीटर अंतर असेल, तर पाट्याशी असलेला १० मिलिमीटरचा फरक मडगार्डशी १४ मिलिमीटर दिसतो. डोळा नेहमी अतिशयोक्ती करतो, आणि मालकाचा डोळा अधिकच.

आणखी एक बारकावा. पट्ट्यांमधील घर्षणामुळे गाडी नेहमी एकाच उंचीवर थांबत नाही. मागचा भाग हातांनी दाबून हळूच सोडावा व माप घ्यावे. मग उचलून हळूच सोडावा व पुन्हा मोजावे. दोन्हींची सरासरी ही खरी उंची. दोन मापांतील फरक एका बाजूस फार मोठा आला, तर त्या बाजूचा पाटा अडकतो आहे असे समजावे. या सर्व सोपस्कारानंतर मडगार्डशी सेंटिमीटरभराच्या आत फरक उरत असेल, तर जुन्या गाडीत तो सोडून द्यावा असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

यापुढची चाचणी सर्वांत महत्त्वाची असून ती क्वचितच केली जाते. मोटारीचा सांगाडा ताठ असतो आणि तो चार ठिकाणी टेकलेला असतो. पुढील उजवी स्प्रिंग खचली तर सांगाडा उजवीकडे कलतो आणि मागील उजवी बाजूही आपल्याबरोबर खाली नेतो. मागे दिसणारा कल पुढून आलेला असू शकतो, तो असा. हे ओळखण्यासाठी गाडीचा पुढील भाग मजबूत आडव्या तुळईच्या बरोबर मध्यावर एकाच जॅकने, चाके जेमतेम भार सोडतील इतका उचलावा. आता पुढून गाडी एका बिंदूवर तोललेली असल्याने पुढील स्प्रिंगांना तिला कलविण्याची शक्ती उरत नाही. मागचा कल कायम राहिला तर कारण मागे आहे. नाहीसा झाला तर पुढे आहे, आणि मागील पाट्यांना हात लावण्याचे प्रयोजन नाही. या स्थितीत कोणीही गाडीखाली जाऊ नये. दोन्ही बाजूंस घोड्या अगदी जवळ आणून ठेवाव्यात. कल रोखणारी आडवी सळई जेथे असेल तेथे तिचे एक टोक चाचणीपुरते सोडावे.

देवळाली कॅम्पातील एका बंगल्यातल्या पद्मिनीचे उदाहरण येथे देण्याजोगे आहे. ‘उजवा पाटा बसला’ असा तिच्याविषयी एका कारखान्याने निर्वाळा दिला होता, आणि तो पाटा गॅसच्या ज्योतीने तापवून त्याला कमान देण्याचे ठरले होते. मडगार्डशी उजवी बाजू २४ मिलिमीटर खाली होती. एक्सल व तुळई यांमधील फरक १७ मिलिमीटर भरला. पुढचा भाग मध्यावर तोलल्यावरही मडगार्डशी २२ मिलिमीटर कल राहिला, तेव्हा कारण मागेच होते हे स्पष्ट झाले. चौकशीअंती कळले की, दोन महिन्यांपूर्वी डाव्या पाट्याचे रबरी बूश बदलले होते, आणि गाडी उचललेली, चाके लोंबकळत असताना त्यांचे नट पक्के आवळले होते.

हे बूश म्हणजे दोन नळ्यांच्या मध्ये घट्ट धरलेले रबर. बाहेरची नळी वेटोळ्यात बसते. आतली नळी बोल्ट आवळताच तुळईशी किंवा शॅकलशी जखडली जाते. त्यानंतर पाटा हालला की रबराला पीळ पडतो. चाक लोंबकळत असताना पाटा अधिकात अधिक वक्र असतो. त्या स्थितीत नट आवळले, की रबराच्या लेखी तीच विश्रांतीची अवस्था ठरते. गाडी जमिनीवर येताच पाटा सपाट होऊ पाहतो, आणि पीळ पडलेले रबर त्याला वर ढकलून धरते. डावी बाजू अशी वर धरली गेली होती. गाडी चाकांवर उभी ठेवून पुढच्या वेटोळ्याचा व शॅकलचे नट ढिले केले, मागचा भाग चार-सहा वेळा हलवून नट पुन्हा आवळले, आणि एक्सलजवळचा फरक १७ वरून ७ मिलिमीटरवर आला. उजवी बाजू जागची हलली नाही. डावीच १० मिलिमीटर खाली आली. पट्ट्यांतील गंज काढल्यावर ५ मिलिमीटर फरक उरला, मडगार्डशी सुमारे ७. तेथे काम थांबविले. ज्या उजव्या पाट्याची भट्टी होणार होती, तो निर्दोष होता.

भाषेच्या दृष्टीने या उदाहरणात जी गोष्ट लक्षणीय आहे ती अशी. खाली आलेल्या बाजूसाठी आपल्याजवळ ‘बसणे’ हे तयार क्रियापद आहे. वाजवीपेक्षा वर राहिलेल्या बाजूसाठी तसे एकही रूढ क्रियापद नाही. ‘गाडी उठली’ असे कोणी म्हणत नाही. ‘उचलली’ म्हटले तर जॅकने कोणीतरी उचलली असा अर्थ होतो. ‘उंच झाली’ हे नुसते वर्णन. त्यातून दोषाचा बोध होत नाही. दोन बाजूंच्या उंचीत फरक आहे एवढेच खरे असताना भाषा तो फरक नेहमी खालच्या बाजूच्या माथी मारते, आणि हात त्याच बाजूकडे जातो. बोलीत शब्द नाही म्हणून वस्तू दिसतच नाही, असा टोकाचा सिद्धान्त येथे अभिप्रेत नाही. वरील कारागिराला बूश दाखविताच त्याने क्षणात सारे ओळखले. शब्द नसल्याने शोध कोठून सुरू होतो एवढेच बदलते. परंतु शोध कोठून सुरू झाला यावर पाट्याचे प्राण अवलंबून होते.

याच्या उलट, असलेला शब्दही दिशाभूल करू शकतो. धक्का शोषून घेणाऱ्या नळकांड्याचे इंग्रजी नाव ‘शॉक ॲब्सॉर्बर’. त्याचे आपल्याकडे सर्वतोमुखी झालेले रूप ‘शॉकअप’. लांब परकी शब्दाची शेपटी तोडताना उरलेल्या तुकड्याला ‘अप’ हा ओळखीचा शब्द चिकटला, आणि ‘अप’ म्हणजे वर. तेव्हा बसलेली गाडी वर आणण्यासाठी शॉकअप बदला, हा सल्ला कानाला अगदी सयुक्तिक वाटतो. वास्तविक तेलाचे साधे शॉकअप गाडीचा भार मुळीच तोलत नाही. ते केवळ हालचालीला विरोध करते. गाडी स्थिर उभी असताना त्याचा उंचीशी काहीही संबंध नसतो. दाबलेला वायू भरलेल्या प्रकारात थोडासा रेटा असतो, पण पाट्यापुढे तो किरकोळ. कलासाठी शॉकअप बदलण्यात गेलेला पैसा बहुधा एका उपसर्गाच्या नावे लिहावा लागेल.

खरोखरच कमान गेली असेल तर काय करावे? दोन्ही पाटे एकदम उतरवावेत. सांगाडा घोड्यांवर टेकवावा व एक्सलला दुसऱ्या जॅकचा आधार द्यावा. मधला बोल्ट काढण्यापूर्वी जुडी शिकंज्यात दाबून धरणे अत्यावश्यक आहे. आखूड पट्ट्या मेन पाट्यापेक्षा मुद्दाम अधिक वक्र केलेल्या असतात, त्यामुळे बोल्ट सुटताच त्या उसळतात. मग दोन्ही मेन पाट्यांच्या वेटोळ्यांच्या मध्यांतून दोरी ताणून, मध्यभागी तिच्यापासून पट्टीपर्यंतची खोली मोजावी. पट्ट्यांची संख्या व जाडीही ताडून पाहावी. मागील एखाद्या मालकाने एकाच बाजूला अधिक पट्टी घातलेली आढळणे मुळीच दुर्मीळ नाही. पाट्याचा पुढील व मागील भाग असमान लांबीचा असेल, तर तो उलटा तर बसवलेला नाही ना, हेही पाहावे.

किरकोळ कमान थंड पट्टीला ऐरणीवर ठोकून किंवा दाबयंत्राखाली थोडी थोडी देता येते. मात्र ती भट्टीच्या कमानीइतकी टिकत नाही. मोठी दुरुस्ती भट्टीतच व्हावी. संपूर्ण पट्टी सारखी सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून, वळवून, तेलात थंड करावयाची आणि नंतर पुन्हा सुमारे साडेचारशे ते साडेपाचशे अंशांवर तापवून तिचा ठिसूळपणा काढावयाचा, अशी ही दुपदरी क्रिया आहे. आपले लोहार हिला ‘पाणी देणे’ म्हणतात. पोलाद येथे पाण्यात नव्हे, तेलात बुडवितात. तरी शब्द तलवारीच्या काळापासून चालत आलेला. तो जुना म्हणून टाकाऊ नव्हे. उलट ‘पाणी उतरले’ हा त्याचाच जोडीदार शब्द कारागिराच्या ध्यानात असता, तर गॅसच्या ज्योतीने पाट्याचा एकच टप्पा लालबुंद करून वाकविण्याचा सर्रास चालणारा प्रकार त्याने केला नसता. त्या टप्प्याचे पाणी उतरते. तेथे पट्टी मऊ होते आणि तिच्या शेजारी ताणाची सीमा निर्माण होते. अशी गाडी महिनाभर सरळ उभी राहते आणि मग एखाद्या दिवशी कसाऱ्याच्या घाटात भरल्या ओझ्याने मेन पाटा त्याच जागी तुटतो. मेन पाटा तुटला म्हणजे एक्सलला एका बाजूने धरून ठेवणारे दुसरे काही उरत नाही. काम देताना लोहाराला तापमान विचारण्यापेक्षा “पाणी कसे देणार?” एवढेच विचारावे. ज्याला या प्रश्नाचा अर्थ लागत नाही, त्याच्याकडे पाटा सोपवू नये.

कमान दिल्यावर पाटा दाबयंत्राखाली पाच-सहा वेळा सपाट होईपर्यंत दाबावा, म्हणजे पुढे रस्त्यावर जेवढे बसावयाचे तेवढे तो आधीच बसून घेतो. (येथे ‘बसणे’ दोन्ही अर्थांनी योग्य ठरते.) पट्ट्या स्वच्छ करून त्यांच्यामध्ये ग्राफाइटयुक्त ग्रीसचा पातळ थर द्यावा. रबरी बूशांना मात्र तो लागू देऊ नये, खनिज तेलाने रबर फुगते.

झटपट उपायांविषयी थोडक्यात. खालच्या बाजूला लांब शॅकल लावण्याची युक्ती प्रसिद्ध आहे. पण एक्सल पाट्याच्या मध्याजवळ असल्याने शॅकल दोन सेंटिमीटर वाढविली तर उंची जेमतेम एक सेंटिमीटर वाढते, आणि एक्सलचा कोनही बिघडतो. पट्ट्यांमध्ये कोंबलेले टायरचे तुकडे पाट्याला जागोजाग अडवितात. लाकडी ठोकळा एक्सलखाली ठेवणे हा तर निव्वळ अविचार. लाकूड दबले की यू-बोल्ट ढिले पडतात, आणि पुढची हकीकत वर ‘सरकणे’ या क्रियापदाखाली येऊन गेली आहे. मोजून घेतलेला उरलासुरला फरक काढण्यासाठी योग्य भोकाची पोलादी चकती व तेवढ्या लांबीचे यू-बोल्ट वापरणे क्षम्य आहे.

जोडणी करताना यू-बोल्ट नवे घ्यावेत आणि दोन्ही बाजूंचे नट आलटून पालटून सारखे आवळावेत. वेटोळ्यांचे व शॅकलचे नट प्रथम हातानेच फिरवून ठेवावेत. गाडी चाकांवर उतरवावी, मागचा भाग हलवून स्थिर होऊ द्यावा, आणि मगच ते पक्के करावेत. त्यासाठी गाडी खड्ड्यावर उभी करता आली तर उत्तम. शेदोनशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून, त्याच जागी, तितक्याच पेट्रोलवर, पहिल्याच दोन ठिकाणची मापे पुन्हा घ्यावीत आणि गाडीच्या कागदपत्रांत तारखेसह लिहून ठेवावीत.